मागच्या जिन्यातली पाटी

वकीलकाका, मागच्या जिन्यातली पाटी मी काढली होती.

हे तुमच्यासमोर उभं राहून सांगायला मला कितीतरी वर्षं मिळाली. रोज मिळत होती. मी सांगितलं नाही. आता तुम्ही गेल्यावर सांगतेय, म्हणजे ज्यांना सांगायचं तेच ऐकायला नाहीत.

परवा पवार वकील भेटले. तुमच्या हाताखाली शिकले ते. म्हणाले, "कमलताई, सरांच्या आठवणींची एक पुस्तिका काढतोय आम्ही वकील मंडळी. तुम्ही पण लिहा."

"मी आठवीतून शाळा सोडलेली. मी काय लिहू वकिलांच्या पुस्तकात?"

"सर तुमच्याकडून जिन्यात कागद वाचून घ्यायचे ना, तेच लिहा."

ते लिहायचं तर पाटीचं लिहावं लागतं, हे पवारांना कुठं माहीत. आणि पाटीचं लिहिलं की ते छापून येणार, छापलेलं कुणीही वाचणार. इमारतीचे प्रभारी साहेब वाचतील, ठेकेदार वाचंल. दोन दिवस झाले, वही उघडते, पहिली ओळ लिहिते, आणि बाहेर चपलांचा आवाज आला की वही पिठाच्या डब्यामागं सारते. तुम्ही असतात तर हसला असतात. "कमल, तू गुन्हा करायच्या आधीच फरार होतेस," असं एकदा म्हणाला होतात तसं.

तुम्ही किती मोठे वकील होतात, कुठं शिकलात, हे बाकीचे लिहितील. मला ते माहीत नाही. मला माहीत आहे तो उस्मानपुऱ्यातल्या या सरकारी इमारतीचा मागचा जिना, आणि पहिल्या वळणावरची जाळी. तिथं तुम्ही तिसऱ्या पायरीवर उभे राहायचात, सिगारेटचा हात जाळीतून बाहेर काढून. तुम्हाला वाटायचं धूर बाहेर जातोय. तो परत आत यायचा, काका. सगळा आत यायचा आणि खाली माझ्या खोलीत उतरायचा. जिन्याखालची ती खोली, तिथंच मी आणि माझा नवरा राहतो. तो वाळूजला कंपनीत पाळीवर जातो, मी ठेकेदाराच्या हाताखाली इमारत झाडते आणि ऑफिसांना पाणी भरते. खोली कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की खोली जाणार, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हापासून मी या जिन्याखाली कधी निवांत झोपले नाही.

मी आले ती वर्षं पाण्याची नव्हती. आमचं गाव किनवटच्या पुढं, पैनगंगेच्या काठावर. मोजून पाणी पिणारी माणसं मी इथं पहिल्यांदा बघितली. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की बाया घागरी घेऊन रस्त्यात पळायच्या. आणि गंमत अशी की पाणी नव्हतं पण हे गाव वाढत होतं. गारखेड्याच्या पुढं जिथं जोंधळा व्हायचा म्हणतात, तिथं दगड पुरून प्लॉट पाडलेले. त्या सगळ्या प्लॉटांच्या नोंदणीचं ऑफिस आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. सकाळपासून जिन्यात माणूसच माणूस. विकणारे, घेणारे, मधले. नंबर लागेपर्यंत करायचं काय, तर ओढायचं. बिडी, सिगारेट, काय असंल ते. मी दुपारी झाडायला गेले की सुपलीभर थोटकं निघायची.

तुम्हीही नोंदणीच्याच कामाला यायचात. पण तुम्ही थोटूक खिशातल्या डबीत ठेवायचात. म्हणून मी तुम्हाला पाणी देत होते. बाकी कुणाला मागितल्याशिवाय नाही.

त्या पाण्याचंच सगळं आहे. मागच्या जिन्याखाली, माझ्या दारापाशी निळा ड्रम. टँकरवाला आठवड्यातून दोनदा पाइप टाकून भरून जायचा. ऑफिसांचं पिण्याचं पाणी तेच आणि माझंही तेच. ड्रमाचं झाकण फुटलं होतं, ठेकेदार नवं देत नव्हता. एका सकाळी बघते तर पाण्यात कबूतर. मेलेलं, पंख पसरून. सगळा ड्रम उपसून टाकावा लागला, आणि टँकर यायला दोन दिवस होते. वरच्या मजल्यावरचे लोक माझ्याकडं असं बघायचे जसं कबूतर मीच टाकलंय. प्रभारी साहेब म्हणाले, "परत असं झालं तर उद्यापासून येऊ नको."

मी झाकण शोधत इमारतभर फिरले. फळी नाही, पत्रा नाही. मग वळणावरच्या भिंतीवर ती पाटी दिसली. जाड पत्र्याची, ड्रमाच्या तोंडाला बरोबर बसंल एवढी. तांबड्या अक्षरांत लिहिलेलं, धूम्रपान निषिद्ध, आणि खाली दंड. आठवीपर्यंत शिकले होते, वाचता येत होतं. पण तिच्याखालीच उभं राहून सगळे ओढत होते, तेव्हा मला वाटलं, हिचा भिंतीवर कुणाला उपयोग नाही. चार खिळे उचकटले. रंग पाण्यात उतरू नये म्हणून अक्षरं वर ठेवली, आणि अक्षरं दिसू नयेत म्हणून वर ओलं गोणपाट टाकलं. त्यावर एक दगड. पाणी गार राहायला लागलं. मला वाटलं, चांगलं काम झालं.

पहिल्यांदा मी तुम्हाला टोकलं ते आठवतंय का? तुमच्या सिगारेटची राख वाऱ्यानं खाली येत होती, आणि मी गोणपाट उचलून तांब्या भरत होते.

"वकीलसाहेब, राख पडंल पाण्यात. इथं ओढायला बंदी हाय म्हणं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतेत."

"कुठं लिहिलंय?"

तुम्ही सहज विचारलंत. माझ्या हातात गोणपाटाचं टोक तसंच. मी ते सोडून दिलं आणि म्हणलं, "मला काय माहीत, मी अडाणी." तुम्ही हसलात. पाणी प्यालात, तांब्या परत दिलात आणि म्हणालात, "अडाणी म्हणून सुटका होत नाही बाई, कायद्यात तसं कलमच नाही." तुम्ही थट्टा केलीत. मी मात्र पुढं कितीतरी दिवस ते वाक्य झाडताना ऐकत होते.

मग वरून काहीतरी आदेश आला आणि प्रभारी साहेब रोज जिन्यात फेरी मारायला लागले. नंबरला बसलेल्या दोघा-तिघांना दंड झाला, त्यांनी मुकाट भरला. मग तुम्ही सापडलात, तिसऱ्या पायरीवर. मी खालच्या पायऱ्या पुसत होते.

"वकीलसाहेब, पावती फाडावी लागंल."

"फाडा. आधी पाटी दाखवा."

"तुम्ही वकील. तुम्हाला कायदा माहीत नाही असं म्हणता का?"

"मला माहीत आहे. तिथं नंबरला बसलेल्या त्या मावशीला माहीत नाही, आणि तिच्या नवऱ्याला काल तुम्ही दंड केलात. पाटी त्यांच्यासाठी असते."

साहेबांनी भिंतीकडं बघितलं. तुम्हीही बघितलंत. भिंतीवर चार भोकं आणि मधे पांढरा चौकोन. तुम्ही फोन काढून फोटो घेतला. मी फरशी पुसत राहिले, तीच एक पायरी. माझा नवरा नंतर म्हणाला की तू तेव्हाच सांगायचं होतंस, साहेब, पाटी इथं हाय म्हणून. त्याला काय जातंय म्हणायला. तिथं उभं राहिल्यावर माणसाची जीभ कुठं जाते ते त्याला माहीत नाही.

तुम्ही कोर्टात अर्ज टाकलात. जिन्यात सगळ्यांना तो एक विषयच झाला. तुमच्या वयाचे वकील यायचे, खांद्यावर हात मारायचे, "सेलूकर, सोडू नका, माणसानं कुठं ओढावं हे आता सरकार ठरवणार काय." तुम्ही त्यांच्यावर चिडायचात. म्हणायचात, "कायदा चांगला आहे. भांडण कायद्याशी नाही." मला तुम्ही चहा घेता घेता समजावलं होतं, मी विचारलं नसताना. नियमात दोघं जबाबदार आहेत, ओढणारा आणि पाटी न लावणारा. दंड मात्र ओढणाऱ्यालाच होतो. इमारतीचा प्रमुख सुटतो. तो सुटता कामा नये.

"म्हणजे प्रभारी साहेबाला दंड होणार?"

"व्हायला पाहिजे."

"मग साहेब कुणाला विचारतील?"

"ठेकेदाराला."

पुढचं मी विचारलं नाही. ठेकेदार कुणाला विचारणार ते मला कळत होतं. त्या दिवसापासून मला पाणी गोड लागेना. पहाटे उठून मी पाटी धुतली, भिंतीपाशी नेली. खिळा ठोकायला गेले तर गिलावाच खाली आला. आणि मग ध्यानात आलं, आता पाटी लावली तर तुम्ही कोर्टात खोटे पडणार. तुम्ही लिहून दिलंय पाटी नाही, फोटो जोडलाय. नाही लावली तर मी चोर. सरकारी वस्तू काढली म्हणून पोलिसात देतील, असं वरच्या मजल्यावरचा शिपाई सहज बोलला होता, दुसऱ्या कुणाबद्दल. मी ती पाटी पोटाशी धरून जिन्यात किती वेळ बसले कोण जाणे. पकडून नेलं तर किनवटला घरी कोण कळवंल, हेच डोक्यात. मग पाटी परत ड्रमावर ठेवली. वर गोणपाट, वर दगड. आधी एक दगड होता, त्या दिवसापासून दोन ठेवले.

पण मला तुमचा रागही यायचा, काका. हे पण लिहिते, कारण तुम्ही गेल्यावर सगळे गोड गोड लिहितील. एकदा न राहवून बोलले.

"काका, तुम्ही जिंकलात की लोक म्हणतील, बघा, वकिलानं सरकारला हरवलं, ओढा आता. मग सगळे हितंच ओढतील. मी दिवसभर हितंच राहते. माझा खोकला बघा."

तुम्ही सिगारेट विझवली. डबीत टाकली. "असा अर्थ होत नाही त्याचा," म्हणालात.

"कोर्टात होत नसंल. जिन्यात तसाच होतो."

तुम्ही डबी खिशात घातलीत. इतका मोठा वकील, तारखेला उभा राहिला की समोरच्याला घाम फुटायचा म्हणतात, आणि माझ्याकडं तारीख मागितलीत. म्हणालात, "याचं उत्तर उद्या देतो." मला वाटलं आता काहीतरी कलम सांगतील. दुसऱ्या दिवशी तुमची तारीख होती. तिसऱ्या दिवशी मी विसरले. ते उत्तर तसंच राहिलं.

मधे एक दिवस ठेकेदाराचा सुपरवायझर गायके आला, नेहमीसारखा घाईत, मोटारसायकल चालूच ठेवून. "कमल, हे वर्षाचे कागद, सह्या कर. पाच हायेत." मी दर वर्षी करायची तशा केल्या. त्यानं फुली मारलेल्या जागी, एकामागून एक. त्यात काय लिहिलंय हे मी कधी बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. सही येते याचाच मला अभिमान.

त्यानंतर साधारण महिन्याभरानं तुम्ही आलात ते सिगारेट न पेटवता. हातात एकच कागद. खालच्या पायरीवर, माझ्या दारापाशी, चक्क बसलात.

"कमल, वाचता येतं ना तुला?"

"येतं थोडं."

"मग वाच. मोठ्यानं. मला चष्मा सापडत नाही."

चष्मा तुमच्या खिशातच होता, मला दिसत होता. मी बोट ठेवून वाचायला लागले. सदर इमारतीच्या सर्व मजल्यांवर. थांबले. तुम्ही म्हणालात, "पुढं." प्रवेशद्वारांवर व दोन्ही जिन्यांत. "पुढं." धूम्रपान निषिद्धचे फलक दर्शनी भागी लावलेले असून.

"दर्शनी भागी म्हणजे काय?"

"येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी. दिसतोय का?"

मी मान खालीच ठेवली. "नाय काका."

"पुढं."

ते मी रोज पुसते व ते सुस्थितीत आहेत. खाली माझं नाव. माझी सही. क वर मी नेहमी जरा मोठी रेघ मारते, तशीच. तुम्ही अर्ज टाकला त्याला सरकारकडून उत्तर आलं होतं, आणि त्या उत्तराला हा कागद जोडला होता. तुमच्या फोटोच्या विरुद्ध माझी सही.

"हे तू बोललीस?"

"नाय. मी असं कधी बोलले नाही."

"खाली सही आहे ना. म्हणजे बोललीस."

"काका, मला आत टाकतील का?"

तुम्ही माझ्या हातातून कागद घेतलात, चार घड्या केल्यात. "आता कुठलाही कागद आला की मला दाखवायच्या आधी तू वाचायचा. मोठ्यानं. मग सही. रेशनचा असो नाहीतर बँकेचा." उठताना तुम्ही तोल सावरायला ड्रमावर हात टेकलात. गोणपाटावर. तुमचा पंजा तिथं जरा जास्त वेळ राहिला, असं मला वाटलं. पत्रा लागला असंल का हाताला? कडा लागल्या असतील का? मी तुमच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं नाही. तुम्ही म्हणालात, "पाणी दे." मी गोणपाटाचं एक टोक उचलून, अंगानं झाकून, तांब्या भरला. तुम्ही सगळं पाणी प्यालात.

पुढच्या तारखेला तुम्ही अर्ज मागं घेतलात. मला पवारांकडून कळलं, जिन्यातच, ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते. "जिंकलेली केस हो. ती बाई कोर्टात उभी केली असती तर तिची सही खोटी पडायला दहा मिनिटं लागली नसती. सर म्हणाले, नाही चालवायची." त्या दिवशी तुम्ही तळमजल्यावर जाऊन दंडाचे दोनशे रुपये भरलेत. बाकीच्या वकिलांनी तुमची लई टिंगल केली. एकजण म्हणाला, "सेलूकर, दोनशे रुपयांसाठी आधी कोर्टात आणि मग मुकाट खिशात हात." तुम्ही पावती घडी करून डबीत ठेवलीत, थोटकांच्या बरोबर. मी बघत होते, हातात फडकं घेऊन. मला खाली येऊन तुमच्या पाया पडायचं होतं. पण पाया पडले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर तुम्ही जिन्यात कधी ओढली नाहीत. रस्त्यापलीकडं, पानटपरीच्या मागं, उन्हात उभे राहायचात. मला खोलीच्या दारातून दिसायचं. डोक्यावर रुमाल, हातात सिगारेट, एखाद्या शाळेतून बाहेर काढलेल्या पोरासारखे. मग आत यायचात, पाणी प्यायचात आणि विचारायचात, "काही वाचायचंय?"

मी सगळं वाचलं, काका. गॅसचा अर्ज वाचला. नवऱ्याच्या कंपनीनं दिलेला कागद वाचला, त्यात तो स्वतःहून काम सोडतो असं लिहिलं होतं, आणि तो तसाच सही करून येणार होता. ते एक वाक्य मी वाचलं म्हणून आम्ही या गावात राहिलो. मी अडखळले की तुम्ही फक्त "पुढं" म्हणायचात. शब्दाचा अर्थ विचारला तरच सांगायचात. वर-खाली करणारी माणसं थांबून बघायची की ही झाडूवाली जिन्यात उभी राहून काय वाचतेय, आणि हे म्हातारे वकील काय ऐकतायत. मला लाज वाटायची. आता वाटतं, माझी शाळा आठवीत सुटली ती त्या पायरीवर पुन्हा सुरू झाली. मास्तर तेवढे उन्हात जाऊन सिगारेट ओढून यायचे.

गाव वाढतच गेलं. पाऊस पुन्हा बरा झाला तरी नळ तसाच, आठवड्यानं येणारा. ड्रम तोच राहिला. पाटीही तिथंच राहिली. भिंतीला मधे रंग दिला, चार भोकं बुजली. दर वेळी ठरवायची, आज सांगायचं. तुम्ही यायचात, मी गोणपाट उचलायची आणि "आज ऊन लई हाय" असं काहीतरी बोलायची.

मग तुम्ही वळणावर थांबायला लागलात, दम खायला. मग तळमजल्यावरच. मग पवारच यायला लागले. शेवटचं आपण फोनवर बोललो. बँकेचा कागद होता, मी फोनवर वाचत होते आणि तुमचा श्वास ऐकू येत होता, जणू कुणी लांबून लाकूड कापतंय. "पुढं" म्हणायलाही तुम्हाला थांबावं लागत होतं. वाचून झालं. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. सही कर." आणि मग, फोन ठेवताना, "कमल, पाणी येतं का?"

"येतं काका."

"झाकून ठेवत जा."

तुम्ही असंच म्हणाला होतात का? म्हातारं माणूस म्हणतं तसं? का तुम्हाला माहीत होतं? केव्हापासून माहीत होतं? त्या दिवशी हात टेकलात तेव्हापासून, का त्याच्याही आधी, का फोटो काढलात तेव्हाही तुम्ही त्याच पाटीखालचं पाणी पिऊन उभे होतात आणि तुम्हाला ठाऊक होतं? आणि अर्ज मागं घेतलात तो माझी नोकरी जाईल म्हणून, का उद्या देतो म्हणाला होतात ते उत्तर होतं? मी हे रोज जिना झाडताना विचारते. खालून वर झाडत गेले की एक उत्तर येतं आणि वरून खाली आले की दुसरं.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी गारखेड्याला तुमच्या घरी गेले. काकू पलंगावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू कमल ना? यांच्या तोंडी असायचीस. घरचं पाणी यांना कधी आवडलं नाही, म्हणायचे त्या जिन्यातलंच गार असतं."

मी धीर करून विचारलं, "काकू, ते पाटीबद्दल काही बोलले होते का?"

"कसली पाटी?"

काकूंना काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असलंच, तर तुम्ही ते घरातसुद्धा उघडलं नव्हतं. तुमचा फोटो समोर होता, हार घातलेला. तिथं बोलायला काय हरकत होती, कोण होतं ऐकायला? मी म्हणलं, "काय नाय काकू, सहज." चहा घेतला आणि निघून आले. रिक्षात बसल्यावर मला माझीच किळस आली.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, बघा काका, गायके आला. आता त्याचे केस पांढरे झालेत, पण मोटारसायकल अजून बंद करत नाही. "कमल, वर्षाचे कागद. पाच सह्या. लवकर, मला वेरूळला पण जायचंय, तिथलं पण काम घेतलंय आता."

मी वरचा कागद घेतला आणि वाचायला लागले. मोठ्यानं.

"आता वाचत काय बसली. तेच हाय, दर वर्षीचं."

दर वर्षीचं होतं. फक्त तुम्ही अर्ज मागं घेतल्यापासून माझ्या पाठीशी होतात, आणि तेवढा एक कागद गायके मला न देता स्वतःच भरून न्यायचा, तुमच्या भीतीनं. या वर्षी तो पुन्हा माझ्याकडं आला होता. त्यालाही कळलं होतं तुम्ही गेलात ते. सदर इमारतीच्या सर्व मजल्यांवर, प्रवेशद्वारांवर व दोन्ही जिन्यांत. मी थांबले. कुणी "पुढं" म्हणालं नाही. मोटारसायकलचा आवाज तेवढा. मी त्याच ओळीवर बोट ठेवून उभी राहिले, आणि काका, खरं सांगते, मला सही करून टाकावीशी वाटली. खोली, नवऱ्याचं वय, किनवट, सगळं एकदम आठवलं. एक सही.

मग मी पुढं वाचलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. पेन घेतला आणि खाली जागा होती तिथं लिहिलं, मागच्या जिन्यात पाटी नाही. ती मी पाण्याच्या ड्रमावर ठेवली आहे. झाकण मिळाले तर परत लावीन. त्याच्या खाली सही केली, क वरच्या मोठ्या रेघेसकट.

गायकेनं वाचलं. मोटारसायकल बंद केली. गोणपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"इतकी वर्षं?"

"व्हय."

"हे साहेबाला दाखवावं लागंल."

"दाखवा."

तो गेला. त्याला किती दिवस झाले मोजत नाही. अजून कुणी आलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून वही डब्यामागं सारते, पहिल्यासारखीच. फक्त एक झालंय. गोणपाट मी काढून ठेवलं. ड्रमावर आता नुसती पाटी आहे, अक्षरं वर. नंबरला बसलेले लोक पाणी मागायला येतात, वाचतात, हातातली बिडी मागं लपवतात आणि तांब्या पुढं करतात.

हे सगळं मी वहीतून मोठ्यानं वाचून काढलंय, तिसऱ्या पायरीवर उभी राहून. अडखळले तिथं जरा थांबले. उद्या पवारांना देणार आहे. खाली माझं नाव आहे, आणि सही मी वाचून केली आहे.

कमल
मागचा जिना